लंकेहून आणलेला भाऊ

जगातली निम्मी माणसं मूर्ख असतात आणि उरलेली निम्मी त्यांच्या जिवावर जगतात, असं हंबीरराव मोहित्यांचं ठाम मत होतं. संस्थानच्या पोलिसात उमेदीची वर्षं घालवून त्यांनी ते कमावलं होतं. नोकरी सोडून सांगलीच्या गणपती पेठेत खाजगी तपासाची पाटी लावल्यावर ते आणखी घट्ट झालं. समोरच्या खुर्चीत बसून रोज फुकटचा चहा पिणारे भाऊसो वकील पहिल्या निम्म्यात मोडतात, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. भाऊसोंची वकिली चालत नव्हती, पोट मात्र वाढत होतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्ष झालं होतं. त्या सकाळी जिना चढून दोन बायका आल्या. पुढची मेहरुनबी, विट्याकडच्या गावांतून बायकांना काकणं भरत फिरणारी. मागची तिशीतली, उन्हानं रापलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"सायेब, ही लीलाबाई. उद्या हिचं कुंकू पुसणार हायत," मेहरुनबी टेकायच्या आधीच म्हणाली. "आन् मला त्यात कायतरी काळंबेरं दिसतंय."

"ते बायकांना दिसतंच," हंबीरराव म्हणाले. "काय झालं ते सांगा. रडायचं असेल तर बाहेर जिन्यात."

"मी रडत न्हाई," लीलाबाई म्हणाली. "रडाया येईना, म्हनून तर आले."

हंबीररावांनी पहिल्यांदा मान वर केली.

हकीकत साधी होती. लीलाबाईचा नवरा कृष्णात लढाईच्या आधी विट्याच्या हरिबा गलाईवाल्याबरोबर सोनं गाळायच्या धंद्याला सिलोनला गेला. आपल्याकडची माणसं त्याला लंका म्हणतात आणि तिथं रावणाचे वंशज राहतात असं समजतात. हरिबा परत आला, कृष्णात राहिला. लढाई पेटली आणि खबरबात तुटली. लीलाबाईनं मळा एकटीनं राखला. मोट धरली, ऊस लावला, दीर नाथाजीला बांधावर पाय ठेवू दिला नाही. लढाई संपल्यावर हाच नाथाजी म्हणाला, "वैनी, मी दादाला हुडकून आणतो." वाटखर्चीला तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या. नाथाजी लंकेला गेला आणि एक गाडगं घेऊन परत आला. गाडग्यात भाऊ होता.

"उद्या येरळेत अस्थी सोडायच्या, मग बारावं," लीलाबाई म्हणाली. "त्यानंतर पंच मळा दिराच्या ताब्यात देणार. पोर न्हाई, बाळ न्हाई, रांडव बाईला मळा कशाला, म्हनत्यात. मला दोन लुगडी आन् दिराच्या वळचणीला जागा."

"यात काळंबेरं काय? हे तर रोजचंच आहे."

"सायेब, भाऊ मेल्याचं सांगताना त्यो एक वाक्य बोलतो. आन् बेटाचं सांगाया लागला की दिवस मावळंस्तवर थांबत न्हाई. हत्ती काय, नारळ काय, दाताचं देऊळ काय! सगळा गाव मारुतीच्या कट्ट्यावर तोंड उघडून बसतोय. माझ्या मानसाचं दुक मला त्या गर्दीत घावना झालंय."

तिनं फडक्यात गुंडाळलेला चांदीचा करदोडा टेबलावर ठेवला. हीच मरणाची खूण. करदोडा पुरुषाच्या कमरेवरून जिवंतपणी उतरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

हंबीररावांनी साखळी बोटांतून फिरवली. फासा शाबूत होता, कड्या शाबूत होत्या. फाशाजवळच्या चार बोटं कड्या बाकीच्यांपेक्षा उजळ होत्या आणि त्यांची घडण वेगळी, बारीक फुलासारखी होती.

"वकील, उठा. हात वर करा."

भाऊसो उठले. हंबीररावांनी करदोडा त्यांच्या कोटावरून पोटाला वेढला. फासा अलगद बसला.

"वा! बरोबर मापाचा आहे," भाऊसो खूश होऊन म्हणाले.

"तेच म्हणतो मी," हंबीरराव म्हणाले. "चला, विट्याची मोटार चुकेल."

मोटारीत भाऊसोंनी लंकेच्या प्रवासाचं एक पुस्तक उघडलं. ते त्यांनी स्टँडवर उसनं मिळवलं होतं.

"हंबीरराव, माझी खात्री झाली. हा नाथाजी लंकेला गेलेलाच नाही. रामेश्वरला बसून पाटल्या खाल्ल्या. मी दोन प्रश्नांत त्याला उघडा पाडतो."

"पाडा," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

विट्यात त्यांनी आधी हरिबाला गाठलं. गलाईच्या धंद्यात दुसऱ्याचं सोनं गाळताना स्वतःही पिवळा झालेला तो माणूस. सदऱ्याला सोन्याची बटणं, दाताला सोनं, बोलण्यात मात्र पितळ.

"कृष्णात? गुणी गडी, पर अंगात काय न्हाई," हरिबा म्हणाला. "बरगड्या मोजून घ्याव्यात असला हाडकुळा. करदोडा कमरंवर ठरंना, दोरा गुंडाळून अडकवायचा. कँडी म्हनून गाव हाय तितं भट्टी हुती आमची. मी म्हनलं चल माघारी, तर म्हनला ऱ्हातो. लीलाबाईचा मळा तेवडा इकायचा असला तर मला सांगा. नाथाजीशी बोलणं झालंय माझं."

"जोडीदार मेला, तुम्ही मळा बघताय."

"मेल्याला मळा कशाला लागतोय, सायेब?"

बाहेर पडताच भाऊसोंनी कोपर मारलं. "हाच! यानंच नाथाजीला फूस दिली."

"लोभी असणं हा पुरावा धरला तर अख्खा तालुका आत टाकावा लागेल," हंबीरराव म्हणाले.

लीलाबाईच्या गावात, हिंगणवाडीत, मारुतीच्या कट्ट्यावर खरोखरच सभा भरली होती. ज्यांनी जन्मात कराडच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही अशी माणसं आ वासून बसली होती. मधोमध नाथाजी, सुतकातली वाढलेली दाढी, आणि आवाज मात्र तमाशाच्या दारावरच्या माणसाचा.

"तर मंडळी, हत्ती नदीत आडवा पडतोय आन् म्हावत त्येला नारळाच्या सोडणानं घासतोय, आपून म्हैस घासतो तसा! हत्ती डोळं मिटून घेतोय. बाप्ये लोक डोईवर कंगवा खोवत्यात, बायकांवानी. आन् पांढरी कापडं घालून, हातात कमळं घेऊन देवळात जात्यात…"

भाऊसोंनी पुस्तकात बोट घालून गर्दीत वाट काढली. "काय हो, देवळातला बुद्धाचा दात पाहिलात? केवढा आहे?"

"दात कुणाला दावत्यात, वकीलसायेब? डब्यात डबा, त्या डब्यात डबा. आमी भायेरचा डबा बघितला, ढोल ऐकले, हात जोडले."

भाऊसोंनी पुस्तक पाहिलं. बरोबर होतं.

"समुद्र ओलांडायच्या आधी मंडपमला काय करतात?"

"काय करत्यात म्हंजे? आमच्यासारख्यांना अडकवून ठेवत्यात की! सुया टोचत्यात, कापडं वाफंला घालत्यात. मग धनुष्कोडीवरनं बोट, पलीकडं तलैमन्नार."

तेही बरोबर होतं. भाऊसोंनी शेवटचा बाण काढला. "तिथल्या डोंगरावर पाऊल आहे म्हणतात. कुणाचं?"

"ज्येचं त्येचं! बुद्धवाले म्हनत्यात बुद्धाचं, आपली मानसं म्हनत्यात शंकराचं, मुसलमान म्हनत्यात बाबा आदमचं. भांडान न्हाई. येकाच वाटंनं समदी चढत्यात, अंधारात, मशाली घेऊन. मी बी चढलो."

गाव हसलं. भाऊसोंनी घाम पुसून पुस्तक मिटलं. हंबीरराव कट्ट्यावर टेकले.

"फार पाहिलंस रे. भाऊ कशानं गेला?"

नाथाजीनं चेहरा पाडला. आवाज पडायला मात्र जरा वेळ लागला. "हिवतापानं, सायेब. मी ग्येलो तवा महिना-महिना अंथरुणाला. नुसता सापळा. माझ्या मांडीवर जीव सोडला. मीच करदोडा काढला, मीच आग दिली."

"सरण कशाचं रचलंस?"

"फणसाचं लाकूड, वर नारळाची सोडणं. लाकडाला काय तोटा? बघंल तितं जंगल. आपल्यासारख्या शेण्या न्हाईत तितं. शेणाला हात लावीत न्हाईत बाया. शेणी दावली तर खातील भाकरी समजून!"

गाव पुन्हा हसलं. मेलेल्या भावाच्या सरणावर हसणारं गाव पाहून हंबीररावांना किळस आली. पण ती त्यांना बहुतेक गावांची येत असे.

नाथाजीच्या घरी त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, चहा दिला. कप धरताना तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट बुडापासून नव्हतं. गुऱ्हाळात चरकात गेलं, असं तिनं न विचारता सांगितलं. लंकेबद्दल मात्र विचारूनही काही सांगितलं नाही.

"मला काय ठावं? ह्यांनी सांगितलं ते खरं," ती म्हणाली आणि आत गेली.

परसात भिंतभर शेण्या थापलेल्या होत्या. हंबीरराव कप हातात घेऊन भिंतीपुढं उभे राहिले, ते बराच वेळ. भाऊसोंना लाज वाटली. एका प्रतिष्ठित माणसानं शेणाकडे इतकं निरखून पाहू नये.

मग लीलाबाई त्यांना येरळेच्या काठी घेऊन गेली. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून गाडगं बाभळीला टांगलं होतं.

"उघडू?" हंबीररावांनी विचारलं.

"उघडा," लीलाबाई म्हणाली. "माझं मानूस हाय. मला बघू द्या."

भाऊसो चार पावलं मागं सरकले. हंबीररावांनी फडकं सोडून आतलं रुमालावर ओतलं. हाडांचे भाजके तुकडे, राख, आणि तळहाताएवढा एक अर्धवट जळालेला काळा तुकडा. एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूवर चर उठलेले. एक चर, मग बोटभर मोकळी जागा, मग शेजारी-शेजारी दोन चर. कडेला ज्वारीच्या कडब्याचं करपलेलं बुस्काट.

"तिकडच्या खापराची नक्षी दिसते," भाऊसो लांबूनच म्हणाले.

"असेल," म्हणत हंबीररावांनी सगळं पुन्हा भरलं. "बाई, उद्या सगळं ठरल्याप्रमाणं होऊ द्या. स्वयंपाक किती माणसांचा?"

"अख्ख्या गावाचा. दिरानं घातलाय घाट, माझ्या मळ्यातला गूळ मोडून."

दुसऱ्या सकाळी नदीच्या पात्रात गाव जमलं. पंचांचे म्होरके लालासाहेब पाटील पटका सावरून दगडावर बसले. हरिबाही विट्याहून आला होता, अर्थात मळा बघायला. म्हाताऱ्या बायका लीलाबाईला घेरून उभ्या होत्या. दुसऱ्याचं कुंकू पुसायला हात किती शिवशिवतात, ते तिथं दिसत होतं. नाथाजीनं गाडगं उचललं.

"जरा थांब," हंबीरराव म्हणाले. "आमच्या वकिलांना काही सांगायचंय."

भाऊसो पुढं झाले. त्यांनी हरिबाकडे बोट रोखलं, फूस, कट, रामेश्वर असे शब्द उच्चारले आणि "हा नाथाजी लंकेला गेलाच नाही!" असं म्हणून थांबले.

"झालं?" हंबीररावांनी विचारलं. "आता बसा. अहो, काल त्यानं तुम्हाला पुस्तकासकट गिळलं. तो गेला होता. त्यानं हत्ती पाहिले, देवळातला डबा पाहिला, डोंगर चढला. भाऊ महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेला, आणि हा पाठीराखा मशाल घेऊन डोंगरावर! वहिनीच्या पाटल्यांवर अशी चैन करणाऱ्याच्या घरात कुणी मरत नसतं, पाटील."

"दवाखान्यात दिसाचं आत सोडत नव्हते," नाथाजी पुटपुटला.

"सरण कशाचं म्हणालास काल? सगळ्या गावादेखत?"

"फणसाचं."

"शेण्या?"

"न्हाईत तितं."

हंबीररावांनी गाडग्यातून तो काळा तुकडा काढून लालासाहेबांच्या हातात दिला. "ओळखा. तुमच्या बायकांनी जन्मभर हेच थापलंय."

लालासाहेबांनी तुकड्याचा वास घेतला, तो उलटून पाहिला. "ही तर शेणी हाय."

"आणि आत कडबा. त्या बेटावर भात पिकतो. ज्वारीचा कडबा तिथं कुणी आणला? आता बोटं बघा. एक बोट, मग जागा, मग दोन. मधलं बोट कुठाय?"

त्यांनी पिशवीतून एक सबंध शेणी काढली आणि तुकड्याशेजारी धरली. एक चर, मोकळी जागा, दोन चर.

"ही काल नाथाजीच्या परसातल्या भिंतीवरची. बनुबाई, हात दाखवायची गरज नाही. सगळ्यांना ठाऊक आहे."

बनुबाईनं हात पदराखाली घेतला.

"खोटं भूत उभं करायला याला जळकी हाडं हवी होती. गाडग्यात बघा, बोकडाच्या जबड्याचे तुकडे आहेत. जंगलातलं सरण तोंडानं रचलं, पण हात आपल्या वळणावर गेला. आपल्याकडं माणूस जाळायचा म्हणजे शेण्या, मग बोकडाची हाडं जाळायची तरी शेण्याच. जाळून निवल्यावर चाळायचा आळस केला आणि खापरीनं भरलं. आळशी माणसानं लबाडी करू नये. तिला कष्ट लागतात."

"बोकड?" मेहरुनबी ओरडली. "बोकडाचं बारावं घालतंया व्हय गाव?"

कुणीतरी हसलं. लालासाहेबांनी डोळे वटारले, मग विचारलं, "आवं, पर करदोडा तर कृष्णाताचाच हाय. त्यो कुटनं आला?"

"तीच तर यातली घाण आहे," हंबीरराव म्हणाले. त्यांनी करदोडा वर धरला. "मेलेल्याचा करदोडा कसा काढतात?"

"तोडून काढत्यात."

"हा तुटलाय कुठं? फासा धड, कडी न् कडी धड. ज्यानं घातला होता त्यानंच सोडलाय. आणि हरिबा, तुमचा गडी हाडकुळा होता ना? दोरा गुंडाळायचा?"

"व्हय."

"काल हा करदोडा आमच्या वकिलांच्या पोटावर मापात बसला. ही बघा चार बोटं वाढवलेली साखळी, घडण आपल्याकडची नव्हे. हिवतापानं सापळा झालेला माणूस करदोडा वाढवून घेत नाही. ज्याला कुणी दोन वेळा प्रेमानं वाढतं, तो घेतो. पाटील, कृष्णात जिवंत आहे. चांगला लठ्ठ आहे. आणि करदोडा त्यानं स्वतःच्या हातानं काढून दिलाय. नाथाजी, पुढचं तू सांगतोस की फौजदारापुढं सांगतोस?"

नाथाजीच्या अंगातलं बेट क्षणात उतरलं. तो वाळूत बसला.

"त्यानंच सांगितलं मला! बाई केलीया त्यानं तितं. पोरं हायत, नारळाची बाग हाय. मला चार जागा हिंडवलं, समदं दावलं. म्हनला, मी काय आता येत न्हाई. जाऊन सांग मेला म्हनून. मळा तू घे, तिला दोन घास घाल. मी नको म्हनत हुतो…"

"पण मळा नको म्हणाला नाहीस."

हंबीररावांना दोन्ही भावांबद्दल सारखाच तिटकारा वाटला. एकाला भूक नव्हती म्हणून त्यानं ताट ढकललं, दुसऱ्यानं ते उष्टं पळवलं. ताट म्हणजे समोर उभी असलेली बाई.

लालासाहेब उठले. घसा खाकरून त्यांनी न्याय केला, कारण आता तो फुकट होता. "मालक जिता हाय. मळा लीलाबाईच्या ताब्यात ऱ्हाईल, नाथाजीनं बांधावर चढायचं न्हाई. पाटल्या भरून द्यायच्या." मग आवाज गोड केला. "पोरी, देवानं कुंकू राखलं बग तुजं. सवाष्ण हायेस. जा, देवापुढं साखर ठेव."

म्हाताऱ्या बायकांनी निराशा गिळून कडाकडा बोटं मोडली. सगळे लीलाबाईकडे पाहू लागले. तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं. पण तिनं ते पुसलं नाही आणि आवाजही कापला नाही.

"कुंकू ठेवते, पाटील. त्येच्यासाठी न्हवं. मळ्यासाठी लावते, मळ्यानं मला सोडलं न्हाई." तिनं हंबीररावांच्या हातातून करदोडा घेतला, दोन्ही हातांनी ताणला आणि वाढवलेल्या जागीच तोडला. मग तो नाथाजीच्या पुढ्यात टाकला. "आता झाला रीतीपरमाणं. सयपाक तयार हाय. बारावं हुईल. समद्यांनी जेवून जायचं."

"आगं, पर त्यो जिता हाय!" लालासाहेब गडबडले.

"तुमाला जिता. माजा मेला." ती दिराकडे वळली. "भावजी, तुमी बोटीची वाट बघितलीया. त्येला कळवा. गाव तुजं बारावं जेवलं म्हनावं. आता हिकडं आलास, तर भूत समजून केरसुणीनं हाकलीन."

बोकडाच्या हाडांचं गाडगं वाळूत तसंच पडलं होतं, ते लाथेनं उडवायलाही कुणी पुढं आलं नाही. लीलाबाई मळ्याकडे चालू लागली, मेहरुनबी तिच्या बरोबरीनं, आणि मागोमाग गाव. नाथाजी पंगतीला वाढायला लागला, कारण तिनं त्याला तसं फर्मावलं होतं.

पत्रावळीवर गुळवणी पडताच भाऊसो हंबीररावांच्या कानाशी वाकले. "पण कायद्यानं बघता, जिवंत माणसाचं बारावं घालणं म्हणजे…"

"वकील," हंबीरराव म्हणाले, "गप जेवा."